कबुलीच्या नोटिशीला उत्तर आलं नाही, पुढे काय?

प्रश्न : कसबा पेठेतल्या आमच्या वाड्यात तळमजल्यावरच्या दोन खोल्या जुन्या भाडेकरूंकडे आहेत. ते कुटुंब सिंहगड रस्त्याला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलं. खोल्यांना कुलूप आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ वापर नाही या कारणावरून आम्ही स्मॉल कॉज कोर्टात दावा लावला. आठ महिन्यांपूर्वी आमच्या वकिलांनी त्यांच्या वकिलांना कबुलीची नोटीस दिली. आजवर उत्तर नाही. उत्तर दिलं नाही म्हणजे कबूल केलं, असं मी वाचलं आहे. मग कोर्ट निकाल का देत नाही? आता पुराव्याचं शपथपत्र द्यायची गरज आहे का? आणि वकील बदलू का?

उत्तर : शपथपत्र द्यायलाच हवं. मागच्या तारखेला द्यायला हवं होतं, त्याच्या मागच्या तारखेलाही. तुम्ही पत्रासोबत ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपचा स्क्रीनशॉट जोडलाय, तो तुम्ही स्वतः नीट वाचलेला दिसत नाही. टप्पा ‘वादीचा पुरावा’ असा आहे आणि त्याखाली ओळीने तारखा. कोर्ट निकाल देत नाही म्हणून तुम्ही कोर्टावर चिडलात, आणि कोर्ट तुमच्याच पुराव्यासाठी खोळंबलंय. कोर्टाच्या संथपणाबद्दल माझ्याकडेही बोलण्यासारखं पुष्कळ आहे, पण हे आठ महिने कोर्टाच्या नावावर टाकता येणार नाहीत.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सतराव्या ऑर्डरमध्ये, म्हणजे प्रकरणात, एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये असं लिहिलेलं आहे. ते कितपत पाळलं जातं, हे शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात कोणालाही विचारा. पण ज्या दिवशी न्यायाधीश ते पाळायचं मनावर घेतील, त्या दिवशी रोजनाम्यावर, म्हणजे कोर्टाच्या तारखेच्या नोंदीत, ‘वादीचा पुरावा बंद’ अशी ओळ पडेल. मग ती उठवायला अर्ज, अर्जावर समोरच्याचं म्हणणं, वर खर्चाचा भुर्दंड. ही वेळ अजून आलेली नाही, एवढं तुमचं नशीब समजा.

आता कबुलीचं. मौनं संमतिलक्षणम् हे लग्नाच्या बैठकीत चालत असेल. हाच गैरसमज घेऊन येणारी पत्रं माझ्याकडे सारखी येतात. मालकांची येतात ती हुरूप आलेली, भाडेकरूंची येतात ती धास्तावलेली. तुम्ही वाचलंत ते खोटं नाही, पण ते इथलं नाही. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांच्या दिवाणी नियमांत ३६ वा नियम आहे. त्याप्रमाणे कबुलीच्या मागणीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर ती गोष्ट कबूल केली असं धरलं जातं. इंटरनेटवर शोधलं की हेच वर येतं. आपला दावा चालतो १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेवर आणि तिच्या बाराव्या ऑर्डरवर. या ऑर्डरमध्ये दोन वेगळ्या नोटिशी आहेत, आणि त्या दोघींच्या मौनाचा परिणाम वेगळा आहे. तुमच्या दाव्यात सगळं या एका फरकावर अडलेलं आहे.

पहिली नोटीस वस्तुस्थितीच्या कबुलीची, नियम ४. अमुक गोष्ट खरी आहे हे या दाव्यापुरतं कबूल करा, असं लेखी कळवायचं, सुनावणीच्या तारखेआधी किमान नऊ दिवस. नोटीस पोचल्यापासून सहा दिवसांत, किंवा कोर्टाने वाढवून दिलेल्या मुदतीत, समोरच्याने कबूल केलं नाही, नकार दिला किंवा नुसताच गप्प बसला, तर काय होतं? ती गोष्ट शाबित करायला तुम्हाला जो खर्च येईल तो त्याने सोसायचा, मग दाव्याचा निकाल कोणाच्याही बाजूने लागो. कोर्ट वेगळा हुकूम करू शकतं, तो भाग निराळा. ‘कबूल धरावं’ असे शब्द या नियमात कुठेही नाहीत. म्हणजे त्यांच्या मौनाने तुम्हाला खर्च मागायचा हक्क मिळाला, खोल्या मिळाल्या नाहीत.

दुसरी नोटीस कागदपत्रांच्या कबुलीची, नियम २. इथे मुदत सात दिवसांची. जुन्या पुस्तकात पंधरा दिवस छापलेले सापडतील, ती दुरुस्ती २००२ पासून लागू आहे. या नोटिशीच्या पाठोपाठ नियम २-अ येतो आणि त्याला खरे दात आहेत. जो कागद कबूल करायला सांगितला, तो समोरच्याने कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) किंवा नोटिशीच्या उत्तरात स्पष्टपणे किंवा ओघाने नाकारला नसेल, ‘कबूल नाही’ असंही म्हटलं नसेल, तर तो कागद कबूल झाला असं धरलं जातं. वयाने अज्ञान किंवा मनाने असमर्थ पक्षकाराला ही अट लागत नाही, आणि कारणं नोंदवून कोर्ट ‘तरीही शाबित करा’ असं म्हणू शकतं. तेवढे अपवाद सोडले तर इथे मौन खरोखर महागात पडतं.

तुमच्या वकिलांनी काय केलंय? दोन्ही नोटिशी एकाच कागदात कोंबल्यात. पहिल्या दोन पानांवर अकरा कलमं आहेत. प्रतिवादी अमुक महिन्यापासून खोल्यांत राहत नाहीत, फ्लॅट त्यांच्या मालकीचा आहे, खोल्यांना कायम कुलूप असतं, वगैरे. ही सगळी वस्तुस्थिती. शेवटी सह्यांच्या वर एकच ओळ : ‘सोबतच्या यादीतील कागदपत्रेही कबूल करावीत.’ यादीत चार कागद. तुमचं सगळं लक्ष त्या अकरा कलमांवर आहे. माझं लक्ष यादीतल्या तिसऱ्या कागदावर गेलं.

ते पत्र भाडेकरूच्या हातचं आहे. साध्या फुलस्केपवर, निळ्या शाईत : ‘आम्ही आता सिंहगड रोडवरील नवीन जागेत राहावयास आलो आहोत, तरी भाड्याच्या पावत्या खालील पत्त्यावर पाठवाव्यात.’ खाली सही, तारीख, नवा पत्ता. तारीख दावा दाखल होण्याच्या बऱ्याच आधीची आहे. हे पत्र तुमच्या दाव्याचा कणा आहे आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखसुद्धा नाही!

आता त्यांची कैफियत बघा, फोटो तुम्हीच पाठवलेत. कलम सातमध्ये म्हटलंय की मजकूर खोटा व नाकबूल आहे, प्रतिवादींचं सामान खोल्यांत आहे, ते खोल्या नियमित वापरतात. म्हणजे वापर नाही ही गोष्ट त्यांनी नोटिशीच्या आधीच ठणकावून नाकारलेली आहे. आठव्या ऑर्डरच्या नियम ५ प्रमाणे दाव्यातलं जे कथन कैफियतीत नाकारलं जात नाही, ते कबूल धरता येतं. तो रस्ताही या मुद्द्यापुरता बंद झाला. पण त्या पत्राबद्दल कैफियतीत चकार शब्द नाही. पत्र दाव्याच्या यादीसोबत आधीपासून दाखल आहे, त्यांनी ते पाहिलेलं आहे, आणि सही आपली नाही असं ते कुठेच म्हणत नाहीत. नियम २-अ नेमका इथे बसतो.

त्यांचे वकील म्हणतील, आम्ही खोल्या वापरतो असं सांगितलं, त्यात पत्राचा नकार आपोआप आलाच. मला हा युक्तिवाद लंगडा वाटतो. पत्र लिहिलं की नाही हा एक प्रश्न आणि नंतर खोल्यांत कोण राहत होतं हा दुसरा. तरी कोर्ट काय म्हणेल ते मी इथे बसून छातीठोकपणे सांगणार नाही. आणि कागद कबूल झाला म्हणजे त्यांनी तो लिहिला, सही केली, एवढं झालं. त्यातल्या मजकुराला किती वजन द्यायचं ते उलटतपासानंतर ठरेल. ‘आईच्या औषधपाण्यासाठी तात्पुरते गेलो होतो’ असं ते पिंजऱ्यात सांगू शकतात. भाडेनियंत्रण कायद्यात ‘वाजवी कारणाशिवाय’ वापर नाही असे शब्द आहेत, त्यांना तिथून वाट काढायला जागा आहे.

एक कच्चा दुवा मात्र आजच पक्का करा. नोटिशीच्या तुमच्या प्रतीवर मागे ‘प्रत मिळाली’ असं लिहून सही आहे. तारीख नाही! सात दिवस मोजायचे नोटीस पोचल्यापासून, आणि ती कधी पोचली हे कागदावरून कळतच नाही. कोर्टाच्या पॅसेजमध्ये, पुकारा होता होता, समोरच्या वकिलाच्या हातात कागद द्यायचा आणि भिंतीवर टेकवून सही घ्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत. त्यात तारीख राहून जाते. उद्या तेच वकील म्हणतील की मला ही परवा मिळाली.

उपाय सोपा आहे. फक्त कागदपत्रांची वेगळी नोटीस नव्याने द्या. संहितेच्या परिशिष्ट ‘क’मध्ये त्यासाठी नमुना ९ आहे, वस्तुस्थितीसाठी नमुना १०. दोन्हींची खिचडी करू नका. नोटिशीत प्रत्येक कागदाचं वर्णन, तारीख आणि दाव्याच्या यादीतला क्रमांक लिहा. वकिलांच्या हातात देऊन तारखेसह सही घ्या, शिवाय पोचपावतीसह स्पीड पोस्टानेही पाठवा. मग पोच जोडून कोर्टात पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, दाखल करा, म्हणजे रोजनाम्यात नोंद राहील. सात दिवसांत उत्तर आलं नाही तर पत्राला निशाणी क्रमांक (पुराव्यातल्या कागदाचा नंबर) द्या असा अर्ज. उत्तर आलं आणि त्यात सही नाकारली, तरी तुमचं बिघडत नाही. जुन्या भाडेपावत्यांच्या स्थळप्रतींवर त्यांच्या सह्या असतील तर मिळवून दाखवता येतील. पण यासाठी शपथपत्र थांबवायचं नाही. पुढच्या तारखेला सरतपासाचं, म्हणजे तुमच्या पुराव्याचं, शपथपत्र दाखल, नोटीस त्याच्या आधी.

शपथपत्रात काय असावं ते तुमचे वकील सांगतील. मी फक्त जिथे तुमच्यासारखे लोक हमखास चुकतात तेवढं सांगतो. भाडेनियंत्रण कायदा १९९९, कलम १६, पोटकलम १, खंड ‘एन’. त्यात वापर नसल्याचे सलग सहा महिने हवेत आणि ते दावा दाखल होण्याच्या लगतपूर्वीचे हवेत. तुम्ही कुलपाचे जे फोटो पाठवलेत ते सगळे दाव्यानंतरचे आहेत. दिवाळीत कंदील नाही, गणपतीत दार बंद, सगळं ठीक, पण वर्ष चुकलं. दाव्याआधीचे फोटो कोणाच्या मोबाइलमध्ये असतील तर शोधा, आणि ते दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडा. ते नसेल तर समोरचे वकील पहिल्याच मिनिटाला हरकत घेतील.

फोटोंपेक्षा महावितरणचा पुरावा भक्कम. मीटर भाडेकरूच्या नावावर आहे असं तुम्ही लिहिता, तर बिलं तुम्हाला मिळणार नाहीत. कोर्टामार्फत महावितरणच्या अधिकाऱ्याला साक्षीसमन्स काढा आणि दाव्याआधीच्या किमान एका वर्षाची दरमहा युनिटं मागवा. माणूस राहतो त्या घरात फ्रिज, पंखा, दिवे चालतात, आकडा बोलतो. महिन्याला दोन-तीन युनिटं असतील तर ‘नियमित वापर’ म्हणणाऱ्याची उलटतपासात पंचाईत होते. रविवारी येऊन तासभर पंखा लावून जायची युक्ती वाड्यावाड्यांत माहीत आहे, पण तिने मीटर फारसा हलत नाही. शेजारच्या खोलीतले जे गृहस्थ साक्ष द्यायला तयार आहेत त्यांचंही शपथपत्र आताच करून घ्या. वाड्यातले शेजारी मालकासमोर एक बोलतात आणि कोर्टात दुसरं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

‘त्यांनी फ्लॅट घेतला’ या गोष्टीवर तुमचा फार भर आहे. जुन्या मुंबई भाडे कायद्यात भाडेकरूला दुसरी योग्य जागा मिळाली हे जागा खाली करून घ्यायचं स्वतंत्र कारण होतं. १९९९ च्या कायद्यात ते नाही. वाडेमालकांच्या बोलण्यात ते अजून आहे, कायद्यात नाही. फ्लॅटचा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदीचा उतारा) नोंदणी कार्यालयातून काढा आणि जोडा, पण कुठे राहत होते ते दाखवायला. त्यावर स्वतंत्र हुकूमनामा मिळेल या भरवशावर राहू नका.

तुमच्या एका नातेवाइकांनी, तेही वकील आहेत म्हणे, बाराव्या ऑर्डरच्या नियम ६ खाली कबुलीवर निकाल मागणारा अर्ज सुचवलाय. करू नका. त्या नियमाला कबुली लागते ती स्पष्ट, निःसंदिग्ध आणि बिनशर्त. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हिमानी अ‍ॅलॉइज विरुद्ध टाटा स्टील या प्रकरणात ते नेमकं सांगितलंय, आणि तिथेही असा निकाल देणं कोर्टाच्या मर्जीवर आहे, तो तुमचा हक्क नाही. तुमच्याकडे आहे तो कैफियतीतला ठाम नकार आणि नोटिशीवरचं मौन. यावर नियम ६ चा अर्ज म्हणजे म्हणणं, युक्तिवाद, हुकूम, आणि नाराज झालेला पक्ष मुंबईला उच्च न्यायालयात. कोल्हापूरला २०२५ मध्ये सर्किट बेंच सुरू झालं, पण पुणे जिल्हा त्यात नाही. आपली वारी मुंबईचीच. एवढ्या वेळात तुमची आणि शेजाऱ्यांची साक्ष दोनदा होऊन जाईल.

अकराव्या ऑर्डरखाली लेखी प्रश्नावली देता येते, ती मला या दाव्यात काहीशी उपयोगी वाटते. त्याला कोर्टाची परवानगी लागते, उत्तर शपथेवर द्यावं लागतं, आणि हुकूम होऊनही उत्तर दिलं नाही तर बचाव काढून टाकण्यापर्यंत कोर्टाला जाता येतं. पण ही पाळी कोर्टाने वादाचे मुद्दे ठरवल्या ठरवल्या यायला हवी होती. आता पुराव्याच्या टप्प्यावर परवानगी मिळेल का, आणि त्यात आणखी तारखा घालवाव्यात का, हे तुमच्या वकिलांनी त्या कोर्टाचा कल बघून ठरवावं. मी असतो तर बहुधा सोडून दिलं असतं.

खरं मौन तुम्हाला पुढे कामी येईल, ते पिंजऱ्यातलं. तुमचा पुरावा झाल्यावर भाडेकरू स्वतः साक्षीला उभे राहिले नाहीत, उलटतपासाला सामोरे गेले नाहीत, तर त्यांची बाजू खरी नसावी असं अनुमान काढता येतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये हे स्पष्ट केलंय आणि खालची कोर्टं ते रोज वापरतात. पण त्यासाठी आधी तुम्हाला उभं राहावं लागेल. तुमचं वय आणि गुडघे लक्षात घेऊन, उलटतपास कोर्ट कमिशनरसमोर (कोर्टाने नेमलेल्या व्यक्तीसमोर) व्हावा असा अर्ज करता येईल. मुखत्यारपत्र देऊन मुलाला उभं करायचा विचार असेल तर जपून. त्याला स्वतःला जे माहीत आहे तेवढंच तो सांगू शकतो, तुमच्या माहितीची साक्ष तो देऊ शकत नाही.

हे वाचणाऱ्या भाडेकरूंसाठी दोन ओळी. कबुलीची नोटीस आली की ती वकिलांच्या कपाटात पडू देऊ नका. वस्तुस्थितीच्या नोटिशीवर गप्प बसलात तर घर जात नाही, खर्च बसतो. कागदांच्या नोटिशीवर गप्प बसलात तर काय होतं ते वर लिहिलंय. सही तुमची नसेल तर सात दिवसांत लेखी नाकारा. असेल तर कबूल करून टाका आणि लढायचं ते मजकुरावर लढा.

परत तुमच्याकडे. मनीऑर्डरने येणारं भाडं तुम्ही परत पाठवताय, ते थांबवा. घ्या, आणि पावतीवर ‘दाव्यातील हक्कांस बाध न येता’ असं लिहा. पावती देणं कायद्याने बंधनकारक आहे. भाडं नाकारून तुम्हाला काही मिळणार नाही, थकबाकीचा दावा नसताना तर मुळीच नाही.

साक्षीसमन्सचा भत्ता, सहीशिक्क्याच्या नकलांची फी, महावितरणच्या साक्षीदाराचा खर्च, सगळ्या पावत्या एका पाकिटात ठेवा. युक्तिवादाच्या वेळी नियम ४ चं नाव घेऊन हा खर्च वेगळा मागा. त्या अकरा कलमांचा उपयोग आहे तो हाच, आणि तो दावा हरलात तरी मागता येतो. रक्कम किती मंजूर होईल याबद्दल मात्र फार आशा धरू नका.

वकील बदलू नका. नोटीस ढिसाळ आहे, पण ते पत्र दाव्याच्या यादीत आधीच लावून ठेवणारा माणूस अगदीच बिनकामाचा नसतो. बदललात तर ना-हरकत, नवीन वकीलपत्र, फाईल वाचायला मुदत, यात आणखी दोन-तीन तारखा जातील, आणि त्या तुमच्या तीन तहकुब्यांत मोजल्या जातील. त्यापेक्षा या आठवड्यात त्यांच्याकडे जा, शपथपत्राचा मसुदा समोर बसून वाचा, आणि नव्या नोटिशीवर तारीख पडल्याशिवाय उठू नका.